तंबोऱ्यामागून दिसणारी आई

मैफलीत गाणाऱ्या बाईच्या मागे दोन तंबोरे असतात, आणि ते धरून बसलेल्या दोघींपैकी एखादी बऱ्याचदा तिची मुलगी असते. श्रोत्यांना गायिकेचा चेहरा दिसतो. मागच्या मुलीला दिसते ती पाठ. श्वास कुठे अपुरा पडला, अवघड जागेआधी खांदे किती वर गेले, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना मान कशी कलली, हे तिला मागून कळतं. आणखीही एक गोष्ट तिला कळते, जी श्रोत्यांपर्यंत कधी पोचत नाही. कार्यक्रम संपल्यावर बिदागीचं पाकीट कोण, कुठे आणि किती वेळ तिष्ठत ठेवून देतं.

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या जयपूर-अत्रौली घराण्याच्या ख्यालगायिका मायलेकींमधल्या ताणाबद्दल बोलताना जाणकार मंडळी लगेच घराण्यावर, म्हणजे गुरुपरंपरेनं आलेल्या गायनशैलीवर, येतात. शुद्ध जयपूर कुठलं, त्यातून मुलगी किती सरकली, स्वरातल्या भावाच्या नादात चौकट किती सैल झाली. हा सगळा हिशोब खरा आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा मागच्या त्या जागेवरून मांडावा लागतो. आईला जे घडवायचं होतं आणि मुलीला जे व्हायचं होतं, ते दोन्ही त्या तंबोऱ्यापाशी एकाच वेळी तयार होत होतं.

मागे बसणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, चार तारा छेडत राहायचं, बस्स. प्रत्यक्षात काम तासभर आधी सुरू होतं. गवसणी काढून तंबोरा सभागृहात नेऊन ठेवायचा आणि तिथल्या हवेला सरावू द्यायचा. वातानुकूलित हॉलमध्ये आयत्या वेळी बाहेरून आणलेला तंबोरा लावला की पहिल्या दहा मिनिटांतच सूर हलतो, कारण थंडीनं तार आकसते आणि चढते. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात; उन्हाळ्यात त्याच खुंट्या सुटून तार घसरते, मग खुंटीला खडूची पूड लावायची. लावण्याचा क्रमही ठरलेला. आधी मधल्या जोडाच्या दोन तारा गायिकेच्या षड्जाला, बायकांच्या गळ्याला साधारणपणे पेटीच्या पांढरी पाच ते काळी पाचच्या पट्ट्यात. मग शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, आणि पहिली पंचमाची. मालकंस गायचा असेल तर पहिली तार मध्यमाला उतरवायची, मारव्याला बहुधा निषादाला. खुंटीनं जवळपास आणायचं, बारीक फरक मण्यानं काढायचा, आणि मग घोडीवर तारेखालचा दोरा केसाएवढा पुढेमागे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव गुंजणारा नाद, उघडायची. दोरा बरोबर जागी आला की तार नुसती वाजत नाही, बोलायला लागते. चुकला तर एक तर खणखणते नाही तर मुकी होते.

यानंतर येतो तो नियम, जो नव्या मुलीला हमखास जड जातो. तंबोऱ्यानं तबल्याच्या लयीत जायचं नसतं. मधल्या बोटानं पहिली तार, तर्जनीनं उरलेल्या तीन, आणि हा फेरा स्वतःच्या संथ गतीनं चालू ठेवायचा. समोर ठेका चालू आहे, आई लयीशी खेळते आहे, ऐकणारे माना हलवताहेत, आणि मागच्या मुलीनं त्या ओढीला बळी पडायचं नाही. बोटं ठेक्यात सापडली की तंबोऱ्याचा अखंड झोत तुटतो आणि गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलते. म्हणजे आईच्या मागे बसूनच मुलगी आईच्या लयीत न जाण्याचा रियाज करत असते. पुढे जे झालं ते पाहता मला यात थोडी गंमत वाटते.

मोगूबाईंची महत्त्वाकांक्षा मुळात त्यांची स्वतःची नव्हती. ती त्यांच्या आईची, जयश्रीबाईंची. दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं, 'होतं' असंच म्हणायचं, कारण साळावली धरणानं ते पोटात घेतलं आणि आता उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तेवढ्यापुरतं वर येतं. १९०४ साली तिथे जन्मलेल्या मोगूला गाणं यावं, नुसतं यावं नव्हे तर तिनं त्यात नाव काढावं, हा जयश्रीबाईंचा ध्यास. त्यांनी मुलीला आधी शिकवणी लावली, मग नाटक मंडळीत घातलं. मोगू दहाएक वर्षांची असताना त्या गेल्या. आईची इच्छा जिवंत माणसाकडून येते तेव्हा तिच्याशी वाद घालता येतो, रुसता येतं, चार दिवस अबोला धरता येतो. गेलेल्या आईच्या इच्छेशी असलं काही करता येत नाही. ती फक्त पुरी करायची उरते.

ती पुरी करताना काय काय वाटेत आलं, याची यादी सोपी नाही. नाटक मंडळ्या बदलल्या, त्यात भूमिका केल्या. पुढे आजारपणामुळे सांगलीला मुक्काम पडला आणि तिथे रस्त्यानं जाताना जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाँ खाँसाहेबांनी या मुलीचा आवाज ऐकला, असं सांगतात. खाँसाहेब आपणहून शिकवायला येऊ लागले. साधारण दीड वर्षानं ते सांगलीहून गेले आणि १९२२ मध्ये त्यांच्यामागोमाग मोगूबाई मुंबईत आल्या. आल्या तर तालीम बंद. खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांना शिकवताना दुसऱ्या कुणाला शिकवायचं नाही, अशी अट होती असं सर्वत्र नमूद आहे. मग आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे जाऊन पाहिलं, त्यावर खाँसाहेबांची नाराजी झाली. पुढे खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांनी शिकवलं, तेही मुंबई सोडून गेले. अखेर १९३४ मध्ये खाँसाहेबांचा गंडा, शिष्यत्वाचा धागा, बांधला गेला. सांगलीपासून मोजलं तर दशकाहून जास्त काळ.

इतक्या वर्षांच्या वणवणीतून हाती आलेल्या वस्तूकडे माणूस कसं बघेल? जयपूर-अत्रौलीची विद्या ही तशीही तिजोरीतली वस्तू. बसंती केदार, सावनी, नट कामोद, बिहागडा, संपूर्ण मालकंस, रायसा कानडा. अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांत आणि जोडरागांत नुसते आरोह-अवरोह लिहून घेऊन काही होत नाही. बसंत कुठल्या स्वरावर सोडायचा आणि केदार कुठे धरायचा, तो सांधा बंदिशीतच दडलेला असतो, आणि तो दाखवणारं माणूस समोर असावं लागतं. त्या माणसानं नाही म्हटलं की विषय संपला. मोगूबाईंनी हे 'नाही' वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यात पती माधवदास भाटिया लवकर गेले. पदरात तीन मुलं. घर चालायचं ते मैफलींवर आणि शिकवण्यांवर. अशा बाईला मुलगी फक्त मुलगी दिसत नाही. मिळवलेलं सगळं सुखरूप ठेवता येईल अशी एकमेव जागा म्हणूनही ती दिसते.

तालमीची कडक रीत यातूनच आलेली असावी. किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. माई, म्हणजे मोगूबाई, बंदिशीचे दोन भाग, अस्ताई-अंतरा, दोनदा म्हणायच्या. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत जे पकडता आलं ते आपलं.

ही पद्धत नेमकी कशी चालते आणि कुठे बिघडते, ते बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा ऐकताना मूल शब्द पकडतं आणि सम कुठे आहे ते बघतं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला मुखडा, म्हणजे समेवर नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, कुठल्या मात्रेपासून उचलला, कुठल्या अक्षरावर स्वर किती लांबवला, दोन स्वरांच्या मध्ये मींड होती की कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, हे सगळं उचलायचं असतं. वही-पेन्सिल नाही, तेव्हा ध्वनिमुद्रण तर नाहीच. स्मरणशक्ती धारदार होते यात शंका नाही. पण तीन गोष्टी बिघडू शकतात. एक, मूल रागाबरोबर गुरूचा गळाही उचलतं, त्याचा जाडपणा, त्याची श्वासाची लांबी, सवयीनं आलेले हिसके, आणि वीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या बाईसारखी गाऊ लागते. दोन, चुकलं की शिक्षा गुरूची आणि राग आईचा, असे दोन्ही एकाच वेळी वाट्याला येतात. बाहेरच्या गुरूनं झापलं तर मुलगी घरी येऊन आईच्या कुशीत रडते. इथे ती सोयच नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ज्या मुलीला सगळं दोनदाच ऐकून येतं, तिला ते सगळं तिसऱ्या रीतीनंही म्हणता येईल असं वाटायला लागतं. इतकं तीक्ष्ण लक्ष तयार केल्यावर ते फक्त नक्कल करण्यापुरतं वापर, असं सांगून कुणी ऐकत नाही.

इथे एक गोष्ट विसरली जाते. मुलीला घराण्याबाहेर पाठवलं ते खुद्द आईनं. लहान वयातच किशोरीताईंना भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकायला घातलं गेलं आणि इतरही गुरूंची तालीम त्यांना मिळाली. अंजनीबाईंकडून मींडेचं अंग आलं, असं ताई आवर्जून सांगत. आता मींड म्हणजे काय, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न तोडता जाणं. जयपूरची वीण त्याच्या उलट दिशेनं घट्ट. स्वरांच्या साखळ्या, पेचदार ताना, 'आ'कारात गुंफलेली लय, आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यात, कुठे रिकामी जागा नाही. मींडेला मात्र वेळ लागतो, आणि वेळ हवा तर लय खाली आणावी लागते. म्हणजे पुढे ज्यावरून एवढी चर्चा झाली, त्याची पहिली पुडी माईंनीच घरात आणली होती. आयांचं हे नेहमीचंच. मुलीला पोहायला शिकवायचं आणि मग नदी ओलांडली म्हणून कपाळाला हात लावायचा.

त्यात विशीच्या मध्यावर काही काळ किशोरीताईंचा आवाज गेला. मैफल नाही, मोठ्यानं रियाज नाही. गायच्या ते मनातल्या मनात. मनात गाताना ताना सुचत नाहीत असं नाही, पण मनाला टाळ्या मिळवायच्या नसतात, घाई नसते, श्वासाचीही मर्यादा नसते. एकेका स्वरापाशी हवं तेवढं थांबता येतं. आवाज परत आला तेव्हा जे गाणं बाहेर पडलं त्यात हे थांबणं होतं.

मायलेकींमधलं अंतर शब्दांत शोधण्यापेक्षा घड्याळ लावून ऐकावं. तीनताल सोळा मात्रांचा. जुन्या जयपूर गायकीची मध्यविलंबित लय मिनिटाला साठेक मात्रांची धरली तर एक आवर्तन सोळा सेकंदांत पुरं होतं. लय निम्मी केली की बत्तीस सेकंद. किशोरीताईंचे विलंबित ख्याल ऐकताना आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कधी त्याही पुढे रेंगाळताना आढळतं. ऐकायला हा फरक नुसता 'हळू गातात' असा वाटतो. गाणाऱ्याच्या बाजूनं बघा. सोळा सेकंदांत मुखडा धरून जेमतेम दोन-तीन वाक्यं बसतात. प्रत्येक वाक्याला लयीचा आधार असतो, तबल्याची प्रत्येक मात्रा हाताशी असते, आणि समेवर उतरणं हे त्या गतीतून आपोआप घडतं. बत्तीस सेकंदांत मात्रा इतक्या दूर जातात की मधली जागा गायकानं स्वतः भरावी लागते. तबलजी तिरकिटानं ती भरतो, पण सुरात काय भरायचं हा प्रश्न उरतोच. बंदिशीचे शब्द ताणले जाऊन अस्पष्ट होतात. जोडरागाचा सांधा, जो मध्यलयीत झटकन दिसतो, तो इथे विरघळतो. उलट एकेका स्वराचा रंग, श्रुतीचा बारीक फरक, भूपाचा गंधार आणि देसकाराच्या धैवताचं वजन, या गोष्टी ज्या तिथे ओझरत्या जातात त्या इथे समोर येऊन बसतात.

म्हणून 'आई बरोबर की मुलगी' हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. दोघींना दोन वेगळ्या वस्तू जपायच्या होत्या आणि एका लयीत त्या दोन्ही मावत नाहीत. माईंना रागाची घडण जपायची होती, ताईंना स्वराचा भाव. पुढे ताईंनी 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात रागरसाची आपली मांडणी केली, आणि घराण्याच्या भिंतींबद्दल त्या जाहीरपणे जे बोलत ते अनेकांना बोचलं. पण एक गोष्ट कान देऊन ऐकणाऱ्याला पटते. ती संथ लय त्यांना पेलली, कारण खाली माईंची लयीची तालीम होती. लय सैल सोडता येते ती ज्याच्या अंगात घट्ट असते त्यालाच. नंतरच्या कित्येक गायिकांनी ताईंची संथ लय घेतली, गाताना स्वतः छेडायचं तारांचं स्वरमंडल घेतलं, डोळे मिटणं घेतलं, पण तो पाया घेतला नाही. मग बाराव्या मात्रेपर्यंत नुसतं तरंगायचं आणि शेवटच्या चार मात्रांत घाईघाईनं मुखडा पकडायचा, असं होतं. समेआधी गायिकेची नजर तबलजीकडे गेली की समजावं.

आता पुन्हा पाठीमागच्या जागेकडे.

मोगूबाईंच्या काळात गाणाऱ्या बाईला वागवण्याची रीत काय होती, हे किशोरीताईंनी उघडपणे सांगितलं आहे. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, तुटपुंजी बिदागी. माई हे सोसत. त्यामागे मला एक हिशोब दिसतो: मान मिळो न मिळो, गायला मिळतंय, विद्या टिकते आहे, मुलं शिकताहेत. जिनं खाँसाहेबांच्या दाराशी वर्षं काढली तिला आयोजकाच्या दाराशी तासभर थांबणं काय मोठं. पण मागे तंबोरा घेऊन बसलेल्या मुलीनं ते वेगळ्या खात्यावर मांडून ठेवलं. पुढे किशोरीताई 'लहरी', 'तऱ्हेवाईक' म्हणून गाजल्या. सभागृहात कुजबुज झाली तर गाणं थांबवणार, ध्वनियंत्रणा मनासारखी झाल्याशिवाय सुरुवात नाही, राहण्या-प्रवासाच्या अटी स्पष्ट, मानधनात तडजोड नाही. वर्तमानपत्रांना यात मसाला दिसायचा. मला त्यात जुनी वसुली दिसते, व्याजासकट. आईचं स्वप्न होतं की मुलीनं उत्तम गावं. मुलीच्या स्वप्नात आणखी एक कलम होतं, उत्तम गाणाऱ्या बाईला कुणी दारात उभं करू नये. हे कलम आईच्या महत्त्वाकांक्षेत नव्हतंच, कारण ते परवडण्यासारखं नव्हतं.

याच घराण्यातलं दुसरं घर बघितलं की हे आणखी नीट कळतं. केसरबाई केरकर. जन्म गोव्यातल्या केरी गावचा, खाँसाहेबांची प्रदीर्घ तालीम, 'सूरश्री' ही पदवी, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेली त्यांची भैरवी. एवढं सगळं असताना केसरबाईंनी आपल्या मुलीला गाण्यात आणलं नाही. ती डॉक्टर झाली. शिष्या म्हणून नाव घ्यायचं तर धोंडूताई कुलकर्णींचं. ज्या समाजातून या दोघी आल्या, देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांचा, त्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठी घुसळण चालू होती. गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीनं मुलींचं शिक्षण, लग्न, देवळातल्या सेवेतून सुटका हे विषय ऐरणीवर आणले होते. अशा वेळी आईपुढे दोन रस्ते होते. गाण्यालाच इतकं वर न्यायचं की गाणाऱ्या मुलीकडे कुणाची बोट दाखवायची छाती होऊ नये, किंवा मुलीला गाण्यापासूनच दूर न्यायचं. मोगूबाईंनी पहिला रस्ता धरला, केसरबाईंनी दुसरा. दोघींची भीती एकच होती. आणि दोघींनीही मुलीचा रस्ता मुलीच्या आधी ठरवला होता, हेही खरं.

मग आलं १९६४ साल. व्ही. शांताराम यांच्या 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटाचं शीर्षकगीत किशोरीताईंनी गायलं. त्यावर माईंनी स्पष्ट सांगितलं की सिनेमात गायचं असेल तर माझ्या दोन तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. ही आठवण ताईंनीच सांगितलेली आहे. ऐकणाऱ्याला हे वाक्य भावनिक वाटतं. गाणाऱ्याला त्याचा व्यावहारिक अर्थ कळतो. तंबोरे दोन म्हणजे जोडी. मैफलीला जोडीच लागते. एकमेकांशी जुळलेली, एका पट्टीची, जवारी सारखी बोलणारी जोडी बाजारातून उचलून आणता येत नाही. मिरजेहून आणलेला नवा तंबोरासुद्धा मुरायला वर्षं घेतो. भोपळा वाळलेला असला तरी लाकूड, तार, घोडी यांचं एकमेकांशी जमायला वेळ लागतो. म्हणजे माईंनी मुलीला रागावून घराबाहेर काढलं नव्हतं. तिचं गाण्याचं घर बंद करण्याची किल्ली दाखवली होती.

माईंचा विरोध नुसत्या प्रतिष्ठेचा होता, असं मात्र मी मानत नाही. त्यामागे धंद्याचं शहाणपणही असतं. सिनेमाचं गाणं तीन-चार मिनिटांचं. स्वर कुठे संपवायचा ते संगीतकार आणि वाद्यमेळ ठरवतात. ख्यालात ते गाणारा ठरवतो. माइकला ओठ लावून श्वासमिश्रित आवाजात गाण्याची सवय लागली की खुल्या 'आ'काराची ताकद ओसरते, कारण माइक जे काम करतो ते गळा करेनासा होतो. पट्टी संगीतकाराच्या सोयीची असते. हरकत ही सजावट म्हणून येते, रागाच्या गरजेतून येत नाही. मग तीच हरकत नकळत ख्यालात शिरते आणि रागाला चिकटून बसते. दोन्ही गाणी करणारे लोक आहेत, पण ते दोन गळे वेगळे ठेवायला शिकलेले असतात, आणि त्याला बरीच वर्षं लागतात.

किशोरीताई सिनेमात रमल्या नाहीत. शब्द आणि वाद्यं स्वराच्या आड येतात असं त्या म्हणत. आईच्या धाकापेक्षा हे कारण त्यांना पुरेसं होतं. तरी दार कायमचं लावलं असंही नाही. १९९० मध्ये गोविंद निहलानींच्या 'दृष्टी'ला संगीत किशोरीताईंचं होतं. तेव्हा मोगूबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या, हयात होत्या. मधल्या काळात आईला १९७४ मध्ये आणि मुलीला १९८७ मध्ये, दोघींना पद्मभूषण मिळालं होतं. ताईंना पद्मविभूषण मिळालं ते २००२ मध्ये. माई त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या.

आजच्या आया वेगळ्या आहेत असं म्हणवत नाही, फक्त वस्तू बदलल्या आहेत. मुलगी सहा वर्षांची झाली की क्लास, मग गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून मध्यमेपर्यंत उत्साह दांडगा असतो, आणि निकाल लागला की गवसणीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा माळ्यावर जातो. हा प्रकार सोडून देऊ. खरा पेच पुढे पडतो, विशारद झालेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीपाशी. आईला तिनं ख्याल गावा असं वाटतं, मुलीला स्वतःची गाणी रचायची असतात. किंवा आईला वाटतं कार्यक्रम मिळावेत, आणि मुलीला अजून पाच वर्षं गुरूपाशी नुसतं बसायचं असतं. दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. अशा वेळी घरात वाद होतो तो 'करिअर'वर. तो तंबोऱ्यावर व्हायला हवा. मुलीला रोज किती तास हवेत, ती कुठल्या पट्टीत गाते, तिच्या गुरूची पट्टी तीच आहे का, सकाळच्या खर्जाच्या रियाजानंतर संध्याकाळी स्टुडिओत तार सप्तकात ओरडून गायल्यावर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो का. आवाज बसत असेल तर आई कितीही बरोबर असो वा मुलगी, निर्णय गळ्यानं घेतलेला असतो. आणि शिकवणारी आईच असेल तर एक साधी तजवीज उपयोगी पडते, जी माईंनी केलीच होती: आठवड्यातले काही तास मुलगी दुसऱ्या कुणाच्या दारात शिकायला जावी. तिथून ती काय घेऊन येईल यावर आपला ताबा नाही, हे मान्य असेल तरच.

किशोरीताईंना मुलगी नव्हती, दोन मुलगे. जयश्रीबाईंपासून चालत आलेली आई-मुलगी अशी ओळ तिथे थांबली. पुढची पिढी शिष्यांची, आणि नातीची. नात तेजश्री आमोणकर आजीपाशी शिकली. त्या मागच्या जागेवरून तिलाही आजीचा चेहरा दिसत नसणार. दिसत असणार ती पाठ, आणि स्वरमंडलावरून हात फिरताना मागून तेवढाच हलणारा उजवा कोपर.